घोड्याची मान निखळल्यासारखी वाटली तर

घोडा पडला, किंवा बांधलेला असताना जोरात मागे ओढला गेला आणि आता मान वाकडी धरतोय, तर ती ओढून 'बसवू' नका. मानेत ७ मणके असतात आणि त्यांच्या आतून मज्जारज्जू जातो. आत हाड मोडलेले असेल तर एका झटक्यात चारही पाय जातात. खरा निखळलेला सांधा एक्स-रे काढून, पूर्ण भूल देऊनच बसवायचा असतो.

आधी चाल बघा. मागचे पाय लडखडत असतील, खूर घासत असतील तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अशा घोड्याला चालवू नका, गाडीत चढवू नका. डॉक्टरलाच जागेवर बोलवा. चाल नीट असेल तर नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात फोन करून विचारा.

तोवर मोहरकी सैल करा, खुंट्याला बांधू नका. मान खाली जात नाही म्हणून घोडा उपाशी राहतो, खरे तर भूक असते. चारा-पाणी छातीच्या उंचीवर ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात अंगातले पाणी कमी झाले की वेदनाशामकाने मूत्रपिंडे बिघडतात. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाचा डोस किलोमागे १.१ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला ३३० मिलिग्रॅम. तेही डॉक्टरच्या हातून. सोबत दुसरे वेदनाशामक नको. डायक्लोफिनॅक तर मुळीच नाही, ते दिलेल्या जनावराचे मेलेले मांस खाऊन गिधाडे मरतात, म्हणून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे.

आडवा पडून उठत नसेल तर डोक्याखाली जाड पोते, अंगावर सावली, आणि कूस बदलणे डॉक्टर आल्यावरच.