तारखेनुसार वाचन : उद्योग, नेतृत्व आणि घडामोडी नेमकेपणाने कशा वाचाव्यात

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लहानसा कारखाना चालवताना उद्योगजगतातले आणि देशातले काय वाचावे, हा प्रश्न मला बराच काळ सतावत होता. सकाळी मोबाइलवर येईल ते वाचायचे आणि संध्याकाळी कोणी विचारले तर त्यातले काहीच धड सांगता येऊ नये, अशी काही वर्षे गेली. आता मी क्रम बदलला आहे. कोणता मूळ कागद कोणत्या तारखेला प्रसिद्ध होतो ते आधी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवतो, तो कागद स्वतः वाचतो आणि त्यावरची मते नंतर पाहतो. नोकरी-धंदा सांभाळून वाचणाऱ्यांनी ही रीत करून पाहावी, असे मला मनापासून वाटते.

दिनदर्शिकेवर फार नोंदी लागत नाहीत. किरकोळ महागाईचा आकडा दर महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास येतो आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे तिमाही अंदाज फेब्रुवारी, मे, ऑगस्ट व नोव्हेंबर या महिन्यांच्या अखेरीस येतात. केंद्राचा अर्थसंकल्प २०१७ पासून १ फेब्रुवारीला मांडला जातो आणि आर्थिक पाहणी त्याच्या थोडी आधी येते. ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ मात्र आपल्याकडे फारच कमी लोक उघडून पाहतात, याची मला खंत वाटते. राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आगेमागे येणारा हा दस्तऐवज मराठीतही उपलब्ध असतो आणि शेती, उद्योग, रोजगार, वीज यांची आकडेवारी त्यात एका जागी मिळते.

रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाचे उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण कागद कसा वाचावा हे मी त्यावरून शिकलो. पतधोरण समितीत सहा सदस्य असतात आणि साधारणपणे दर दोन महिन्यांनी तिची बैठक होते. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, वाढला, घटला की तेवढाच राहिला, ही बातमी त्याच दिवशी सर्वत्र येते आणि बहुतेकांचे वाचन तिथेच थांबते. पण कायद्यानुसार बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध करावे लागते आणि त्यात प्रत्येक सदस्याने आपल्या मताची कारणे स्वतंत्रपणे मांडलेली असतात. जून २०२४ मध्ये दर ६.५ टक्क्यांवर कायम राहिला, एवढीच बातमी अनेकांच्या लक्षात राहिली असेल. प्रत्यक्षात तो निर्णय चार विरुद्ध दोन मतांनी झाला होता आणि आशिमा गोयल व जयंत वर्मा या दोन सदस्यांनी पाव टक्का कपातीच्या बाजूने मत दिले होते. दर प्रत्यक्षात उतरला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये. कर्ज काढून यंत्र घ्यावे की थांबावे, याचा विचार करणाऱ्याला या दोघांच्या निवेदनांतून जे मिळते ते मथळ्यातून मिळत नाही. म्हणून इतिवृत्त आले की बहुमताविरुद्ध मत देणाऱ्यांची निवेदने आधी वाचावीत, मग बहुमताची, आणि दोन्हींचा मुख्य मुद्दा वहीत एकेका वाक्यात लिहावा. तेच आकडे समोर असताना माणसे वेगळ्या निष्कर्षाला कशी येतात आणि मतभेद किती संयमाने नोंदवतात, हे पाहणे म्हणजे नेतृत्वाचाच अभ्यास आहे.

कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचण्याची सवय मला नुकसान सोसून लागली. एका मोठ्या ग्राहकाने आमची बिले सहा-सहा महिने अडकवली. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो, पण ऑर्डर हातची जाईल या भीतीने आम्ही गप्प राहिलो. पुढे त्या कंपनीचा अहवाल उघडला, तेव्हा अध्यक्षांच्या पत्रात पुरवठादारांचा गौरव होता आणि मागच्या टिपांमध्ये लघु उद्योगांची थकलेली देणी किती जुनी आहेत याचा तक्ता होता. तो तक्ता ऑर्डर घेण्याआधी पाहिला असता, तर आगाऊ रक्कम मागितल्याशिवाय आम्ही काम हाती घेतलेच नसते. त्यामुळे अहवाल मागून पुढे वाचावा : आधी लेखापरीक्षकांचे मत, मग ताळेबंदाच्या टिपा, त्यातही देणी, येणी आणि संबंधित पक्षांशी (म्हणजे कंपनी चालवणाऱ्यांच्या जवळच्या व्यक्ती वा कंपन्यांशी) झालेले व्यवहार, आणि अध्यक्षांचे पत्र सर्वांत शेवटी. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या कंपन्यांचे अहवाल त्या बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात.

नेतृत्वावरची पुस्तके मी आता कमी घेतो, कारण बऱ्याच पुस्तकांत तेच ते सांगितलेले असते. त्यापेक्षा एकाच माणसाने वर्षानुवर्षे लिहिलेले वाचावे. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफेट यांची भागधारकांना लिहिलेली १९७७ पासूनची पत्रे त्यांच्या बर्कशायर हॅथवे या कंपनीच्या संकेतस्थळावर आहेत. डेक्स्टर ही बूट बनवणारी कंपनी १९९३ मध्ये रोख पैशांऐवजी स्वतःच्या कंपनीचे शेअर देऊन घेतली, हा आपला सर्वांत वाईट व्यवहार होता, असे त्यांनी २००७ च्या पत्रात स्पष्ट लिहिले आहे. ओळीने दहा पत्रे वाचली की चूक कबूल करण्याची त्यांची पद्धतही कळते.

नव्या विधेयकांसाठी संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेचे सारांश पुरेसे आहेत. मराठीत ‘साधना’ साप्ताहिक आणि पुण्याच्या भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची ‘अर्थबोधपत्रिका’ वाचावी. अंक विकत घेणे जमत नसेल, तर १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आपल्या ठाण्यातच आहे.

वेळेची अडचण खरी आहे, पण कागद ठरलेला असला की थोडा वेळही पुरतो. माझी भाची ऐरोलीला नोकरी करते. ठाण्याहून वाशीची गाडी सुटल्यावर ऐरोली येईपर्यंत ती पतधोरणाच्या ठरावाची दोन-तीन पाने वाचते, आणि रविवारी चहाच्या वेळी आम्ही दोघे आपापल्या वह्या उघडून बसतो. कोणाशी तरी बोलायचे आहे हे माहीत असले की वाचनात आळस होत नाही, म्हणून असा एक सोबती जरूर शोधावा.

वहीत तीन रकाने आखावेत : तारीख, कागदात काय होते, आणि त्यावरून माझा अंदाज काय. सहा महिन्यांनी मागची पाने उलटून कोणता अंदाज चुकला ते पाहावे आणि ज्या लेखकाच्या भरवशावर तो बांधला होता, त्याचे नाव समासात लिहावे. तेच नाव तीनदा आले की त्याचे लेखन वाचणे मी थांबवतो. लक्ष्मीपूजनाला हिशेबाच्या वहीबरोबर वाचनाची नवी वहीही मी पूजेत ठेवतो आणि जुन्या वहीत अनुत्तरित राहिलेले प्रश्न तिच्या पहिल्या पानावर उतरवतो. सध्याच्या वहीत तिथे दोन प्रश्न आहेत : नवी मुंबईच्या विमानतळामुळे आमच्या मालाच्या वाहतुकीत कितपत फरक पडेल, आणि ४५ दिवसांचा नियम मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदांत दिसू लागला आहे का.