रात्री सिनाई पर्वत चढून सूर्योदय बघायचाय? मग हे वाचून जा

इजिप्तला जाणारे आपले लोक पिरॅमिड बघतात, नाईल क्रूझ करतात, आणि शर्म एल शेखला समुद्रावर दोन दिवस पडलेले असताना कोणीतरी येऊन विचारतं, "माउंट सिनाई, नाईट टूर, सनराइज?" अर्धे लोक लगेच हो म्हणतात आणि शॉर्ट्स आणि टी-शर्टवर बसमध्ये चढतात. इथेच सगळा घोळ होतो. या डोंगराचा चढ तसा सोपा आहे, वर गेल्यावर थांबणं अवघड आहे. सगळी तयारी थांबण्यासाठी करायची, चढण्यासाठी नाही.

आधी डोंगराबद्दल. अरबीत जबल मूसा, उंची २२८५ मीटर. मोशेला (इंग्रजीत मोझेस, अरबीत मूसा) देवाकडून दहा आज्ञा मिळाल्या तो हाच पर्वत असं मानतात, आणि ज्यू, ख्रिश्चन, मुस्लिम तिघांसाठी पवित्र. आपल्या वसईकडून वगैरे होली लँड टूरवर जे ग्रुप जातात त्यातल्या बऱ्याच जणांच्या आयटिनररीत हा असतो. पायथ्याशी सेंट कॅथरीन मठ आहे, सहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट जस्टिनियनने बांधलेला. हा पायथाच साधारण दीड हजार मीटरच्या वर, म्हणजे जवळजवळ आपल्या कळसूबाईच्या माथ्याएवढा. चढायचं उरतं सातशे मीटरच्या आसपास. कळसूबाईचा नाईट ट्रेक केलेल्या माणसाला दम लागण्यासारखं यात फार काही नाही, पण हवा कोरडी आणि थंड, आणि वाळवंट म्हणजे गरम हा समज पहिल्या अर्ध्या तासात उतरतो. हिवाळ्यात वर पारा शून्याखाली जातो, कधी बर्फही पडतं. उन्हाळ्यात सुद्धा पहाटे वारा सुटला की जॅकेट लागतंच.

कुठून जायचं? शर्महून बसने अडीच-तीन तास, किनाऱ्यावरच्याच दहाब गावाहून साधारण दोन तास. टूरवाले रात्री दहा-अकराला उचलतात, मध्ये चेकपोस्ट लागतात, तिथे पासपोर्ट बघतात, ओरिजिनलच जवळ ठेवा, मोबाईलमधल्या फोटोवर विसंबू नका. इजिप्तचा व्हिसा आपण आधीच काढून ठेवलेला बरा, सिनाईपुरता जो फुकट शिक्का युरोपियन लोकांना मिळतो तो आपल्या पासपोर्टवर मिळेल असं गृहीत धरू नका. हे सगळं दक्षिण सिनाईचं चाललंय बरं का, उत्तर सिनाई वेगळा विषय आहे, तिकडे जायचं नाही.

माझं विचाराल तर एक रात्र सेंट कॅथरीन गावातच मुक्काम करा. संध्याकाळी पोचायचं, जेवून आठला झोपायचं, एक-दोनला उठायचं. बसवाले लोक न झोपता येतात, न झोपता चढतात आणि वर जाऊन सूर्य उगवायच्या आत दगडाला टेकून घोरतात. पैसे देऊन घोरायला एवढ्या लांब कशाला जायचं!

दिवस निवडताना एक गोष्ट कोणी सांगत नाही. मठ शुक्रवारी आणि रविवारी सहसा बंद असतो, ग्रीक ऑर्थोडॉक्स सणांनाही, आणि उघडा असतो तेव्हाही सकाळी नऊ ते दुपारपर्यंतच. म्हणून गुरुवारची आणि शनिवारची रात्र टाळा, नायतर उतरून आल्यावर फक्त भिंत बघायला मिळते. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर टॉर्च जवळपास लागतच नाही, तारे बघायचे असतील तर अमावस्या धरा. दोन्ही एकदम मिळत नाही.

गाइड घ्यावाच लागतो, एकट्याला सोडत नाहीत. गाइड बेदुईन, म्हणजे वाळवंटातले अरब असतात, जबालिया टोळीचे. जस्टिनियनने मठाच्या राखणीसाठी जी माणसं पाठवली त्यांचे आपण वंशज असं ते सांगतात. पोरं चढतात फटाफट. "हळू चल" हे आधीच सांगून ठेवा, लाजू नका.

वाटा दोन. एक उंटांची वाट, रुंद, वळणावळणाची, एकोणिसाव्या शतकात इजिप्तचा शासक अब्बास पाशाच्या काळात झालेली. दुसरी पायऱ्यांची, साधूंनी रचलेल्या दगडी पायऱ्या, एकूण ३७५० सांगतात. रात्री उंटांच्या वाटेनेच जायचं. अंधारात सतत "कॅमल? कॅमल?" ऐकू येतं, नको असेल तर एकदाच नाही म्हणा आणि चालत राहा. उंट घ्यायचा असेल तर भाव आधी ठरवा आणि हे लक्षात ठेवा की उंट शेवटच्या ७५० पायऱ्यांच्या खालीच सोडतो, तिथून पुढे तुमचे तुम्ही. शिवाय उंटावर अंग हलत नाही त्यामुळे चालणाऱ्यापेक्षा जास्त थंडी वाजते. आणि चालत असाल तर मागून उंट आला की नेहमी डोंगराच्या बाजूला सरकायचं, दरीच्या बाजूला नाही. उंटाच्या पावलांचा आवाज येत नाही हो, एकदम कानाजवळ श्वास ऐकू येतो.

आता मुख्य मुद्दा, टायमिंग. चढायला अडीच-तीन तास लागतात. सूर्योदय डिसेंबर-जानेवारीत साडेसहाच्या आसपास, जूनमध्ये सहाच्या थोडा आधी (उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे करतात). सूर्योदयाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी माथा गाठायचा, त्याच्या आधी नाही. ग्रुप बरेचदा पहाटे चारलाच वर पोचतात आणि मग घामाने ओले कपडे अंगावर घेऊन दोन तास कुडकुडतात. वाटेत चहाच्या टपऱ्या आहेत, शेवटच्या टपरीत गाद्या टाकलेल्या असतात, तिथे बसा, गोड काळा चहा घ्या, आणि तिथेच आतला टी-शर्ट बदला. हे एक केलंत तरी निम्मी थंडी गेली. चढताना मुद्दाम कमी कपड्यात चढायचं, फ्लीस, विंडचीटर, कानटोपी, हातमोजे बॅगेत ठेवायचे आणि थांबल्याबरोबर घालायचे, थंडी वाजायची वाट बघायची नाही. वर भाड्याने ब्लँकेट मिळतात, वासाचं बघून घ्या. पाणी दीड-दोन लिटर, चिक्की किंवा राजगिरा लाडू, हेडलॅम्प, इजिप्शियन पाउंडच्या सुट्ट्या नोटा, बस, जास्त ओझं नको.

माथ्यावर १९३४ साली बांधलेलं छोटं चॅपल आहे, बहुतेक वेळा कुलूप असतं, आणि एक लहानशी मशीद. जागा कमी आणि माणसं भरपूर. कुठला तरी ग्रुप प्रार्थना म्हणत असतो, दुसरा सेल्फी स्टिक घेऊन उभा असतो. सूर्य पूर्वेला अकाबाच्या आखाताच्या दिशेने येतो, पण फक्त तिकडेच बघू नका, पाठीमागे वळा, लाल ग्रॅनाइटचे डोंगर एकेक करून पेटत जातात ते खरं बघण्यासारखं आहे. सगळ्यांची पाठ असते तिकडे, म्हणून जागाही मिळते.

गर्दी लगेच खाली पळते. तुम्ही वीस मिनिटं थांबा आणि उतरताना गुडघे ठीक असतील तर गाइडला पायऱ्यांची वाट सांगा. ७५० पायऱ्या उतरल्यावर एक सपाट खोलगा लागतो, जुन्या सरूच्या (सायप्रेस) झाडाचा, तो बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याचा. आपल्या कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, ज्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करतात, अलिबागजवळ खंडाळ्याला ज्याच्या येण्याची खूण दाखवतात, तोच हा. तिथून खाली उरलेल्या तीन हजार पायऱ्या, मध्ये दगडी कमान, जिथे स्तेफानोस नावाचा साधू यात्रेकरूंचा कबुलीजबाब ऐकून मगच वर सोडायचा. आता त्याचाच सांगाडा वस्त्रं घालून मठाच्या अस्थिगृहात बसवलाय. गुडघे कुरकुरत असतील तर मात्र आलात त्याच वाटेने परत, यात कमीपणा काही नाही, त्या पायऱ्या उंच-सखल आहेत आणि काठीशिवाय उतरणं त्रासाचं.

खाली साडेसात-आठपर्यंत येता, मठ नऊला उघडतो. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आत लोक जळत्या झुडपापाशीच (ज्यातून देव मोशेशी बोलला असं मानतात ते) गर्दी करतात, लवकर आत शिरलात तर ते आधी उरका. आणि गाइडची बक्षिसी बसकडे धावायच्या आधी त्याच्या हातात द्या, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला की सगळे विसरतात.