महागडी खुर्ची घेऊनही खांदे का दुखतात? या चुका टाळा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये चांगली महागडी ऑफिसची खुर्ची आली आणि पंधरा दिवसांतच माझे खांदे पूर्वीपेक्षा जास्त दुखू लागले. दोष खुर्चीचाच असणार असे धरून मी विक्रेत्याशी वादही घातला. प्रत्यक्षात खुर्ची, टेबल आणि माझी उंची या तिघांचा मेळ बसतो की नाही, हे मी खरेदीपूर्वी तपासलेच नव्हते.

वाशीच्या शोरूममध्ये मी त्या खुर्चीत बूट घालून बसलो होतो, घरी मात्र दिवसभर अनवाणी बसतो. टाचेखालचा तेवढा इंचभर आधार गेला की हिशेब बिघडतो. त्यात घरचे टेबल बहुधा 30 इंचांच्या आसपास उंच असते. सव्वापाच फुटांच्या माणसाने खुर्ची पाय टेकतील इतकी खाली घेतली, तर कीबोर्डपर्यंत हात नेताना खांदे उचलले जातात. आणि कोपर टेबलाच्या पातळीवर यावे म्हणून ती वर घेतली, तर पाय लोंबकळून बैठकीची कड मांडीखाली रुतते. अशा वेळी उंची कोपराप्रमाणे ठरवावी आणि पायांखाली आधार घ्यावा. मी माळ्यावरून जेवणाचा जुना पाट काढला आणि आठवड्याभरात खांदे मोकळे झाले. (विक्रेत्याची माफी मागायची तेवढी राहून गेली.) आर्मरेस्ट टेबलाच्या खणाला अडत असतील, तरीही माणूस नकळत दूर बसतो आणि पुढे वाकतो, म्हणून टेबलाखालच्या मोकळ्या जागेचे मापही दुकानात जाताना सोबत असावे.

दुसरी चूक खुर्चीच्या बैठकीची पुढून मागेपर्यंतची लांबी न पाहण्याची असून ती सहसा लक्षातच येत नाही. पाठ पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा भाग यांत दोन-तीन बोटे जागा राहायला हवी. ती राहत नसेल तर माणूस पुढे सरकून बसतो आणि ज्या लंबर सपोर्टसाठी एवढे पैसे मोजले, तो कमरेला लागतच नाही. काही खुर्च्यांची बैठक मागेपुढे सरकते. 1994 मध्ये बाजारात आलेल्या हर्मन मिलर कंपनीच्या एरॉन या खुर्चीला मात्र ती सोय नाही. ती ए, बी आणि सी अशा तीन आकारांत मिळते, त्यामुळे तिथे आकारच नेमका निवडावा लागतो.

मागे टेकल्यावर तोल जाईल असे वाटणे किंवा उलट खुर्ची सतत पुढे ढकलते असे वाटणे, ही तक्रार बहुतेक वेळा झुकावाच्या ताणाची, म्हणजे पाठ मागे रेलताना लागणाऱ्या जोराची असते. बैठकीखालचा नॉब आपल्या वजनाप्रमाणे फिरवावा, हे कित्येकांना वर्षभर ठाऊक नसते. पाठ 90 अंशांत लॉक करून बसण्यापेक्षा 100 ते 110 अंशांच्या झुकावाने मणक्यावरचा भार कमी होतो, शिवाय मधूनमधून उठावे लागतेच.

आपल्याकडच्या दमट हवेत रेक्झिनसारख्या पीयू कव्हरचे पापुद्रे काही वर्षांत सुटू लागतात, म्हणून मेश (जाळी) किंवा चांगले कापड बरे. ज्यांना काम करताना खुर्चीवरच मांडी घालायची सवय आहे, त्यांनी मात्र कडक चौकटीची मेश खुर्ची घेऊ नये, कारण ती कड घोट्याला टोचते. टाइल्सच्या फरशीसाठी मऊ रबरी आवरणाची चाके मागून घ्यावीत.

नवी मुंबईच्या ऐरोली-महापे पट्ट्यातील कार्यालये रिकामी होताना निघालेल्या उत्तम खुर्च्या वापरलेल्या मालात मिळू शकतात आणि माझ्या मते नव्या मध्यम दर्जाच्या खुर्चीपेक्षा तो सौदा चांगला ठरतो. फक्त वॉरंटी बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते, हे धरून चालावे. बैठकीखालच्या लेबलवर बनावटीचे वर्ष पाहावे, नंतर खुर्ची पूर्ण वर घेऊन दहा मिनिटे बसावे आणि बसताना व उठताना जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. ती हळूहळू खाली गेली असेल, तर खुर्ची वर-खाली करणारा गॅस सिलिंडर गेलेला आहे. तो सुटा बदलता येतो, त्यामुळे तेवढ्यासाठी खुर्ची नाकारू नये. त्याचा खर्च भावातून वजा करून मागावा.