गरवायला आणि मुक्कामाला कयाक निवडताना

गोव्यात मांडवी, शापोरा किंवा साळ नदीत गरवायला जायचं तर कयाक, म्हणजे दोन्ही टोकांना पातं असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, लागते. ती आत पाय घालून नव्हे तर वर बसायची, ११ ते १२ फूट लांब आणि ३० ते ३४ इंच रुंद, जाड प्लास्टिकची घ्या. रुंदी कमी पडली तर मासा ओढताना ती कलंडते. फार झाली तर ओहोटीच्या उलट वल्हवताना खांदे भरून येतात. हवा भरायची कयाक खारफुटीत नकोच, मुळांना चिकटलेली कालवं सुरीसारखी कापतात. क्षमता १६० किलो लिहिली असेल तर माणूस, तंबू, पाणी, बर्फाची पेटी धरून ११० किलोंच्या आत राहा; नाहीतर पाणी निचरायला ठेवलेल्या तळाच्या भोकांतून पाणी वर येऊन बूड भिजतं. दोघं आणि दोन रात्रींचं सामान असेल तर कनू (वरून उघडी, जास्त सामान मावणारी होडी) बरी, पण वाऱ्यात ती भरकटते. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तिथे काठावर तंबू नको.