जाम झालेला जुना पॉवर टिलर घरच्या घरी कसा सोडवावा

कोकणात भाताच्या खाचरांत जोताची जागा हळूहळू पॉवर टिलरने घेतली. 1967 साली बंगळूरला जपानी मित्सुबिशीच्या सहकार्याने व्हीएसटी ही टिलर बनवणारी कंपनी उभी राहिली, 1973 साली केरळात अथणीला जपानच्याच कुबोटाच्या तंत्रावर कामको ही दुसरी. या दोन घराण्यांचे जुने टिलर अजून मांगरात, पडवीत, फणसाखाली ताडपत्री पांघरून उभे दिसतात. चिखलणीचे दिवस संपले की यंत्र वर्षभर जागचं हलत नाही. त्यात खारी हवा आणि दमट पावसाळा. तीन-चार वर्षं कोणी हात लावला नाही की फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं जड चाक, फिरत नाही, आणि घरचे म्हणतात, भंगारात द्या. देऊ नका. असा टिलर बहुतेक वेळा मेलेला नसतो, त्याच्या पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे पिस्टन ज्या नळीत सरकतो तिला, गंजाने धरलेल्या असतात, एवढंच.

पाने, जॅक, साखळीचा ब्लॉक, चिंध्या हे तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. टाकीतलं जुनं डिझेल, चेंबरमधलं (इंजिनाच्या तळाचं) ऑइल आणि रेडिएटरचं पाणी काढून टाका. पट्टे उतरवा. टाकीत मूठभर खडी आणि थोडं डिझेल घालून खळखळवा, गंज निघेल. नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, काढून तालुक्याच्या पंप-नोझलवाल्याकडे तपासायला द्या, ते काम घरी होत नाही.

आता पिस्टन. इथेच लोक यंत्र कायमचं घालवतात.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे गिअर टाकून जीपला बांधून ओढणे. इंजिन आणि क्लच यांच्यात व्ही-पट्टे आहेत. ते घसरून जळतील, आणि नाहीच घसरले तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकेल. दुसरा सल्ला, नोझलच्या भोकातून ऑइल ओता आणि वाट बघा. उभ्या इंजिनाला तो ठीक आहे. टिलरचं इंजिन आडवं असतं. ओतलेलं ऑइल सिलिंडरच्या खालच्या अंगाला साचतं आणि रिंगांचा वरचा अर्धा भाग कोरडाच राहतो. महिनाभर ओतत बसलात तरी तो कोरडाच राहील.

म्हणून इंजिन चासीवरून उतरवा. शंभर किलोच्या वर वजन आहे, एकट्याने हात घालू नका. टाकी, रेडिएटर, एअर क्लीनर काढा, हेड (सिलिंडरचं झाकण) काढा. हेड न काढता भागेल असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. हेडखालचं नवं गॅस्केट महाग नाही, आणि आत न बघता लावलेला जोर फार महाग पडतो. मग सिलिंडरचं तोंड आभाळाकडे येईल असं इंजिन जाड लाकडी ओंडक्यांवर उभं करा आणि दोन्ही बाजूंनी पाचर मारा.

आत बघा. पिस्टनच्या वरचा लायनरचा भाग तांबूस आणि खरखरीत दिसेल. तो आधी बारीक पॉलिश पेपरने, डिझेल लावून, गोल गोल फिरवत गुळगुळीत करा. हा गंज तसाच ठेवून पिस्टन वर ढकलला तर रिंग त्यात अडकून तुटते. भुकटी पुसून घ्या. मग डिझेल आणि पॉवर स्टेअरिंगचं लाल ऑइल निम्मं निम्मं मिसळून पिस्टनवर दोन बोटं उभं राहील इतकं ओता, आणि पातळीवर खूण करा. सकाळी पातळी खाली गेलेली दिसली तर आनंद माना, ऑइल रिंगांच्या कडेने उतरतंय. पुन्हा भरा. आठवडा द्या. दोन दिवसांत उतावीळ होऊन घण उचलणाऱ्यांनी फोडलेले पिस्टन मी पाहिले आहेत.

आठवड्यानंतर उरलेलं ऑइल चिंधीने टिपून घ्या. आणि आता जे सांगतो ते माझ्या स्वतःच्या नुकसानीतून आलेलं आहे. पहिल्या टिलरच्या वेळी मी फ्लायव्हीलला लांब पाइप लावून जोर दिला. कट्ट असा आवाज आला, पिस्टन वर सरकला. त्या संध्याकाळी आम्ही घरात साखर वाटली. सगळं जोडलं, इंजिन चालू झालं, आणि तिसऱ्या दिवशी चेंबरमधून चहासारखं ऑइल निघालं. पिस्टन सुटलाच नव्हता. त्याने लायनरच सोबत उचलला होता, आणि लायनरच्या तळाच्या, पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा कापल्या जाऊन पाणी ऑइलात उतरलं होतं. वर सरकलेल्या पिस्टनकडे पाहून मी फसलो. लायनरची कड ब्लॉकच्या वर नखाएवढी उचललेली होती, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

या इंजिनांत लायनर वेट असतो, म्हणजे त्याच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. तो जागेवर धरून ठेवतं ते हेड. हेड काढलंत की त्याला वरून धरणारं काही उरत नाही. म्हणून फ्लायव्हीलला हात लावण्याआधी हेडच्या स्टडवर पाइपचे तुकडे घाला, त्यांच्या खाली लायनरच्या कडेवर बसतील अशा जाड पट्ट्या ठेवा आणि नट घट्ट करा. पट्टी पिस्टनच्या वाटेत येता कामा नये. हे काम अर्ध्या तासाचं आहे, ते कधीही टाळू नका.

मग फ्लायव्हीलवर आणि इंजिनाच्या अंगावर समोरासमोर खडूची रेघ मारा. फ्लायव्हील मागे-पुढे, मागे-पुढे हलवा. एकाच दिशेला ओढत राहू नका. पहिल्यांदा रेघ दोन-तीन मिलिमीटर सरकेल. तेवढ्यावर थांबा, पुन्हा ऑइल घाला, रात्र जाऊ द्या. पिस्टन मधोमध अडकला असेल तर त्याच्या माथ्यावर बाभळीचा गोल ठोकळा ठेवून हलके ठोके द्यायला हरकत नाही. तो अगदी वर किंवा अगदी खाली अडकला असेल तर मात्र ठोकू नका. त्या जागी क्रँक आणि रॉड एका रेषेत असतात, ठोक्याने काहीच फिरत नाही आणि सगळा मार बेअरिंगला बसतो. लोखंडी पहार पिस्टनवर कधीच नको.

सुटला की तसाच चालू करायची घाई नको. पिस्टन बाहेर काढा, लायनरवर नख फिरवा. नख खड्ड्यात अडकलं तर लायनर बदला, नाही तर रिंगा तरी नव्या घालाच. लायनर काढलाच तर रबरी रिंगा नव्याच लावा.

हेडचे व्हॉल्व्हसुद्धा गंजून अडकतात. दांड्यावर लाकडी हातोडीने टिचकी मारली की स्प्रिंगने चटकन परत यायला हवेत. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. ते मोकळे करूनच हेड बसवा, नट आडवे-तिडवे, टप्प्याटप्प्याने.

चालू करण्याआधी नवं ऑइल आणि पाणी भरा. डिझेल फिल्टरचा नट सैल करून हवा काढा, मग पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपचा. डिझेलचा फवारा हातावर घेऊन बघू नका, त्या दाबाने ते कातडीत शिरतं. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, उलटा झटका बसला तर हात सुटला पाहिजे.

आणि शेजारी एक सपाट फळी तयार ठेवा. आत राहिलेल्या ऑइलवर डिझेल इंजिन कधी कधी आपोआप वेग घेत जातं, थ्रॉटल बंद केला तरी थांबत नाही. तेव्हा इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर फळी दाबायची. हात लावायचा नाही. पहिल्यांदा चालू करताना उघड्यावर करा, पडवीत धूर कोंडतो.

रंग, टायर, पाती हे ज्याला जसं आवडेल तसं. मी रंग शेवटी देतो, तोही इंजिन आठवडाभर चाललं तरच.

पहिली दहा-पंधरा मिनिटं बिनओझ्याची. मग बंद करून ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढा आणि उजेडात धरा. रंग काळपट किंवा मधासारखा असेल तर टिलर खाचरात न्या. दुधाळ दिसला तर पुन्हा लायनरकडे.