घरातली योगाची जागा: आकाशापासून जमिनीपर्यंत

पंचमहाभूतांवर आधारलेली योगाची खोली म्हटली की इंटिरिअरवाले भिंतीवर डोंगर रंगवतात, कोपऱ्यात विजेवरचं कारंजं ठेवतात आणि सैंधवाच्या दगडाचा दिवा लावतात. यातलं काहीच लागत नाही. हठयोगप्रदीपिका या जुन्या संस्कृत योगग्रंथातली मठी, म्हणजे साधकाची झोपडी, बघा: दार लहान, भोकं-खड्डे-बिळं नाहीत, फार उंच नाही की सखल नाही, शेणाने नीट सारवलेली, किडामुंगी नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातही जागा अशीच पारखून घेतली आहे. निर्मळ पाणी, बेताचं ऊन, मंद झुळूक आणि शक्यतो शांतता. अधूनमधून मोर आले-गेले तर चालतील, एवढीच काय ती सवलत.

मोरांचं सोडा, पण बाकीचं दोन खोल्यांच्या घरातही जमतं. तैत्तिरीय उपनिषदात आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी आणि पाण्यातून पृथ्वी असा क्रम आहे. जागा लावायला घेताना हाच क्रम सोयीचा पडतो.

1. आकाश: आधी रिकामं करा

बाजारातली मॅट साधारण 6 फूट लांब आणि 2 फूट रुंद असते. म्हणून तेवढी जागा पुरते असं वाटतं, पण ती पुरत नाही. जमिनीवर उताणे झोपा, दोन्ही हात बाजूंना पसरा आणि एक पाय सरळ ठेवून बाजूला न्या. पलंगाचा कोपरा, टीपॉयचा पाय, चपलांचा स्टँड, जे जे लागेल ते हलवा. 7 फूट बाय 6 फूट मिळाले तर उत्तम. 7 बाय 4 मध्येही भागतं, फक्त हात पसरायची आसनं आडवं वळून करावी लागतात. भिंतीचा तीनेक फुटांचा तुकडा मोकळा ठेवा. विपरीत करणीला, म्हणजे उताणं पडून पाय वर करताना, ते टेकवायला तो लागतो, आणि तिथे नेमकं कॅलेंडर नाहीतर स्विचबोर्ड असतो.

आकाशाचा गुण शब्द. त्यामुळे आवाजाचाही विचार इथेच करायचा. सोसायटीची पाण्याची मोटर कधी सुरू होते, घंटागाडी कधी येते, शेजारी कुकर कधी लावतात हे एकदोन सकाळी ऐकून ठेवा आणि सरावाची वेळ त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे घ्या. फोन दुसऱ्या खोलीत.

2. वायू: हवा खेळती, पण अंगावर नको

समोरासमोर दोन खिडक्या असतील तर भाग्य. एकच असेल तर खोलीचं दारही उघडं ठेवा. रस्त्यालगतची खिडकी मात्र वाहनांच्या गर्दीच्या वेळी बंदच बरी. आसनांच्या वेळी पंखा हळू चालला तर हरकत नाही. शवासनात तो बरोबर डोक्यावर नको, कारण घामेजलेलं अंग लगेच गार पडतं आणि मग स्वस्थ पडवत नाही.

उदबत्ती पूर्ण टाळा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्राणायामात आपण एरवीपेक्षा खोल श्वास घेतो, तो धुराचा कशाला घ्यायचा? हाच न्याय मिरचीच्या फोडणीला. स्वयंपाकघर शेजारी असेल तर घरातल्यांशी वेळ ठरवून घ्या, नाहीतर भस्त्रिकेत, म्हणजे भात्यासारखा जोराचा श्वास घेता-सोडताना, ठसका ठरलेला.

3. तेज: उजेड बाजूने घ्या

पूर्वेची खिडकी चांगली, पण तोंड थेट उन्हाकडे करून बसू नका. उजेड डावी-उजवीकडून आला की डोळे मिचकवावे लागत नाहीत. आपल्याकडे सूर्य जूनमध्ये पूर्वेच्या उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये दक्षिणेला साधारण 25 अंश सरकून उगवतो, त्यामुळे पावसाळ्याआधी ठरवलेली मॅटची दिशा हिवाळ्यात बदलावी लागते. संध्याकाळी छतावरची ट्यूब शवासनात थेट डोळ्यांत येते, तेव्हा जमिनीलगत मंद पिवळा दिवा ठेवा.

त्राटक, म्हणजे ज्योतीवर नजर स्थिर ठेवायचा सराव, करत असाल तर ज्योत डोळ्यांच्या पातळीला, हातभराहून थोडी लांब ठेवा. पंखा बंद, पडदा दूर. फेफरं, अर्धशिशी किंवा काचबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

4. पाणी

इथे फारसं काही करायचं नाही. पिण्याचा तांब्या मॅटपासून दूर, लवंडणार नाही असा ठेवा. जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं, न्हाणीघरात करा, आणि पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं तसंच नाही. अर्ध्या लिटरला साधारण 5 ग्रॅम मीठ. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ओली मॅट गुंडाळून ठेवली की बुरशी धरते. ती पुसून सावलीत वाळवा.

5. पृथ्वी: खरं काम इथे

शेणाने सारवलेल्या जमिनीवर पाय घसरत नाही आणि ती फार गारही लागत नाही. गुळगुळीत टाइल्सवर पाय निसटतो, आणि शहाबादी फरशी थंडीत पाठीला बोचते. टाइल्सवर नुसती सतरंजी टाकून अधोमुख श्वानासन केलं तर तळवे पुढे, टाचा मागे आणि सतरंजी मध्ये गोळा होते. म्हणून उभ्या आसनांना पकड असलेली रबरी मॅट हवी. जाड, मऊ फोमची नको. त्यात मनगट रुततं आणि एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात घोटा डुगडुगतो.

बसायला आणि पडायला घोंगडी. गीतेत आसनासाठी कुश, त्यावर मृगाजिन (हरणाचं कातडं), त्यावर वस्त्र असे थर सांगितले आहेत. आपण मॅट, घोंगडी, त्यावर धुतलेली सुती चादर असे घालू. मांडी घालून बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील तर घोंगडीची घडी नितंबांखाली सरकवा, आणि गुडघे खाली येईपर्यंत घड्या वाढवत जा.

पृथ्वीचा गुण गंध. सरावाआधी फरशी फिनाइलने पुसू नका, साधं पाणी पुरे. नव्या मॅटला रबराचा वास येतो, तो जाईपर्यंत तिला गॅलरीत उलगडून ठेवा.

गच्चीवर करणार असाल तर आधी तांब्याभर पाणी ओतून उतार बघा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्ची एका बाजूला उतरती असते, ते पायांना कळत नाही पण आडवं झाल्यावर कळतं. शवासनात डोकं चढाच्या बाजूला ठेवा, पाय पाणी जातं त्या बाजूला.