डिडन्ट आलं की वेन्टचं गो

काल रंकाळ्यावर गेलो नाही, हे भाच्यानं वहीत लिहिलं: 'आय डिडन्ट वेन्ट टू रंकाळा.' ही चूक मोठ्यांचीही होते, मी स्वतः मुलाखतीत केलीय. भूतकाळ एका वाक्यात दोनदा भरायचा नाही, बस.

१. डिडन्टला गोल करा. पुढचं क्रियापद मूळ रूपात आणा: वेन्टचं गो, सॉचं सी, एटचं ईट, हॅडचं हॅव. 'आय डिडन्ट ईट मिसळ.'

२. क्रियाच नसेल, नुसतं 'नव्हतो' असेल, तर वॉझन्ट. 'मी घरी नव्हतो', आय वॉझन्ट ॲट होम. यू, वुई, दे असेल तर वरन्ट.

३. 'जात नव्हतो' असेल तर वॉझन्ट गोइंग.

गोची होते ती 'काल गेलो नव्हतो' इथं. आपण कोल्हापुरात सर्रास असंच बोलतो, आणि 'नव्हतो' ऐकून पोरं 'वॉझन्ट गो' ठोकतात. 'काल' आहे ना? मग डिडन्ट गो.

आणि डिडन्ट लिहिताना तो वरचा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी, एन आणि टी यांच्या मध्येच द्या. डी आणि एनच्या मध्ये दिला की शुद्धलेखनाचा मार्क गेलाच.